बरे न झालेल्यांची साक्ष

व्हिडिओ चार मिनिटं अकरा सेकंदांचा आहे. कुरखेड्याच्या बाहेर, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मांडव टाकलाय. मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर पाळकांचा फोटो येशूपेक्षा मोठा. पंधरा वर्षांची एक मुलगी माईक धरून सांगतेय की तिला सिकलसेल होता आणि आता नाही. लोक टाळ्या वाजवतात, कुणीतरी 'हालेलुया' ओरडतं, कीबोर्डवाला सूर धरून ठेवतो. ती मुलगी माझी धाकटी बहीण. व्हिडिओ मी काढलाय. डिसेंबर २०१८, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, नागपूरहून नाताळच्या सुट्टीत घरी आलो होतो. आवाज साफ केला, सुरुवातीला उडणारं कबूतर टाकलं, मंडळीच्या चॅनलवर चढवला. आज मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, पण मी बनवलेली सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेली गोष्ट अजूनही तीच आहे.

तो व्हिडिओ खोटा आहे आणि तो अजून चॅनलवर आहे. माझं भांडण तिथून सुरू होतं.

ज्यांना आमची उपासना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. गाणी झाली की उपदेशाआधी पाळक विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का? मग कुणीही उठतं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. आमची मंडळी लहान, पंचवीस-तीस घरं. मजूर, दोन-तीन शिक्षक, एक किराणावाला. ग्रामसभेत ज्या बायका भिंतीला टेकून गप्प बसतात, त्याच इथे माईक घेऊन दहा मिनिटं बोलतात. माझी आई आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलली ती साक्ष देतानाच. त्यामुळे 'हा सगळा प्रकार बंद करा' असं मी म्हणणार नाही. आमच्या उपासनेतली मला सगळ्यात प्रिय गोष्ट हीच आहे. म्हणून तिचं जे केलं गेलंय त्याचा राग येतो.

त्या वर्षी मी चाळीसेक साक्षी एडिट केल्या. चाळिसांचा साचा एकच. आजार झाला, पैसा गेला, डॉक्टरांनी हात टेकले, प्रार्थना झाली, बरं वाटलं. 'डॉक्टरांनी हात टेकले' हा तर झाडीपट्टीच्या नाटकातल्या एन्ट्रीसारखा ठरलेला संवाद. एक काका टीबीतून उठले होते. त्यांनी सरळ मनानं सांगितलं की देवाची कृपा झाली आणि सहा महिने सरकारी गोळ्याही घेतल्या. मला निरोप आला, गोळ्यांचं वाक्य काढ, साक्ष कमजोर होते. मी काढलं. दोन क्लिक लागले.

आता नोकरीत रोज जे काम करतो त्यामुळे हे जास्त टोचतं. समजा एखादी सिस्टीम फक्त यशस्वी व्यवहारांचीच नोंद ठेवते आणि फसलेला प्रत्येक व्यवहार नोंद न करता टाकून देते. डॅशबोर्डवर शंभर टक्के हिरवं दिसणार. अशी सिस्टीम ज्यानं बांधली त्याला आम्ही नोकरीवर ठेवणार नाही. मंडळीत मात्र आम्ही तेच बांधलंय आणि त्याला विश्वास म्हणतोय. ज्याच्यासाठी प्रार्थना झाली आणि जो मेला, त्याची साक्ष कोण देणार? ज्याचं दुखणं तसंच राहिलं तो माईककडे जाईलच कशाला? रविवारमागून रविवार फक्त बरे झालेलेच बोलतात, आणि मागच्या रांगेतल्या माणसाला वाटत राहतं की आपल्यातच काहीतरी खोट आहे.

सिकलसेल आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येक पाड्यात, प्रत्येक वर्गात कुणीतरी असतं. तरी पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. आई आणि बाप दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः धडधाकट पण रक्तात एक बदललेला जीन, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि हाडं आतून कुणी पिळतंय असं दुखतं. निरोगी पेशी एकशेवीस दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. हा जीन जंगलाच्या मुलखात टिकला तो मलेरियामुळे. वाहकाला मलेरिया सहसा जिवावर बेतत नाही. आमच्या पूर्वजांना ज्या गोष्टीनं तगवलं तिची किंमत आता नातवंडं मोजतात. २०२३च्या जुलैत केंद्र सरकारनं २०४७पर्यंत सिकलसेल संपवायचं अभियान जाहीर केलं, सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे. बहिणीची तपासणी मात्र त्याच्या कितीतरी आधी शाळेतच झाली होती. कार्ड होतं. हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल आणि फॉलिक अ‍ॅसिड चालू होतं.

या आजारात दुखणं येतं आणि जातं. महिनोन्‌महिने काही होत नाही, मग एके दिवशी माणूस आडवा होतो. प्रार्थनेला आपण कधी नेतो? दुखणं शिगेला पोचलेलं असतं तेव्हा. त्यानंतर ते उतरणारच असतं. म्हणजे प्रार्थना केली नसती तरी त्या आठवड्यात तिला बरंच वाटलं असतं. बहीण खोटं बोलली नव्हती. तिला खरोखर बरं वाटत होतं. पंधरा वर्षांच्या मुलीला हजार माणसांसमोर कुणी 'तू मोकळी झालीस' म्हटलं तर ती आणखी काय म्हणणार?

आणि ती सभा कशी होती? तीन दिवसांची उपवास-प्रार्थना. उपवास निर्जळी. डिसेंबरातली गडचिरोलीची रात्र, सती नदीवरून येणारा वारा, तीन बाजूंनी उघडा मांडव. सिकलसेलच्या पेशंटला डॉक्टर दोनच गोष्टी बजावून सांगतात: पाणी भरपूर पी आणि थंडीत जाऊ नको. आम्ही तिला तहानेनं आणि गारठ्यात तीन रात्री बसवली, आणि वरून कॅप्सूल बंद केल्या. कारण पाळकांनी विचारलं होतं, देवावर भरवसा ठेवलास तर मग गोळी कशाला?

महिना गेला. जानेवारीच्या शेवटी एका पहाटे तिच्या किंकाळीनं घर उठलं. कुरखेड्याहून पुढे ब्रह्मपुरीला नेलं. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. वाचली. पण उजव्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला होता, तो झिजत गेला. आज ती बावीस वर्षांची आहे आणि लंगडते. तो गोळा कॅप्सूल चालू असत्या तरी गेला असता का, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. डॉक्टरांनीही सांगितलं नाही. मीही सांगत नाही. कॅप्सूल बंद करायला कुणी सांगितलं, तेवढं मात्र मला माहीत आहे.

दवाखान्यातून आल्यावर पाळक घरी आले. प्रार्थना केली. जाता जाता आईला म्हणाले, पोरीचा विश्वास कमी पडला असेल, घरात काही पाप लपलंय का बघा.

माझा खरा वैरी ते वाक्य आहे. बरं झालं तर श्रेय प्रार्थनेचं, पाळकांचं, सभेचं. नाही झालं तर दोष पेशंटचा. या हिशेबात पाळक कधीच हरत नाही. आमच्या आजोबांच्या काळात पुजाऱ्याकडे जायचे. कोंबडा, दारू, नारळ. गुण आला नाही तर पुजारी म्हणायचा, विधीत काहीतरी चुकलं. आम्ही बाप्तिस्मा घेतला तेव्हा आम्हाला सांगितलं होतं की त्या भीतीतून तुम्ही सुटलात. मला तर फक्त कोंबडा सुटलेला दिसतो. आणि पुजाऱ्याशी तुलना करतानाही मी जपूनच बोलतोय. गावचा पुजारी निदान 'दवाखान्यात जाऊ नको' असं क्वचितच म्हणतो.

आता शास्त्रावर येऊ, कारण पाळकांचा सगळा जोर तिथेच असतो. त्यांचं आवडतं उदाहरण आसा राजाचं. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात, सोळाव्या अध्यायात आहे. पायांना रोग झाला तेव्हा तो परमेश्वराकडे न जाता वैद्यांकडे गेला म्हणून त्याला दोष दिलाय. ठीक. मग हिज्कीया राजाचं काय? तोही मरायला टेकला होता. त्यानं रडून प्रार्थना केली, यशया संदेष्टा देवाचा होकार घेऊन आला, आणि त्याच यशयानं गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलं. देवाचं वचन आणि लेप, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून. पौलानं तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, उपवास करायला सांगितलं नाही. त्रफिम नावाच्या सोबत्याला त्यानं मिलेतात आजारी सोडलं. ज्याच्या हातून इतके चमत्कार झाले त्या पौलाला आपला मित्र बरा करता आला नाही, आणि त्यानं ते पत्रात लिहून ठेवलं. स्वतःच्या शरीरातला काटा काढावा म्हणून त्यानं तीनदा विनवलं. काटा राहिला. आमच्या चॅनलवर पौलाची ही साक्ष चढवली असती का? कापली असती. मीच कापली असती.

'घरात पाप लपलंय का' या प्रश्नाचं उत्तर तर योहानाच्या नवव्या अध्यायात आयतं आहे. जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य येशूला विचारतात, दोष कुणाचा, याचा की आईबापांचा? आमच्या पाळकांसारखाच प्रश्न. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. ज्या आजारात आईबाप खरोखरच आपल्या रक्तातून मुलाला काहीतरी देतात, त्या आजाराच्या मुलखात हा अध्याय दर महिन्याला वाचायला हवा. माझे आईबाप दोघंही वाहक आहेत. त्यांनी तिला तो जीन दिला, जसा मला उंची दिली, नाक दिलं. त्यात पाप कुठे बसतं? त्या एका वाक्यापायी माझा बाप दोन वर्षं प्रभुभोजनाला गेला नाही. ब्रेडचा तुकडा घ्यायला आपण लायक नाही असं त्याला वाटायचं.

ईयोबाचे मित्र आठवा. आधी ते सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. सगळ्या पुस्तकात त्यांनी केलेलं चांगलं काम एवढंच. मग तोंड उघडलं आणि म्हणू लागले, तू काहीतरी केलं असशीलच. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. देवाशी भांडणाऱ्या ईयोबाला तो सोडतो आणि देवाची वकिली करणाऱ्यांना झापतो. दीडशे स्तोत्रांतला जवळपास तिसरा हिस्सा रडगाणी आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. ज्यांनी पवित्र शास्त्र जुळवलं त्यांना ते काढून टाकता आलं असतं. त्यांनी ठेवलं. आमच्या मंडळीत ते मी एकदाही मोठ्यानं वाचलेलं ऐकलेलं नाही.

कुणी म्हणेल ही शहरात जाऊन शिकलेली भाषा आहे. नाही. मराठी ख्रिस्ती माणसाला ही परंपरा घरचीच आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आयुष्यभर तीर्थं करत, पुराणं सांगत हिंडले आणि दुष्काळात उपाशी मेले. 'देवाचं केलं की देव देतो' हा हिशेब त्यांनी पोरवयातच फसलेला पाहिला होता. १८८३ साली त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७मध्ये आपली साक्ष प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी कबूल केलं की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षं आपल्या जिवाला शांती नव्हती. जगभर नाव झालेल्या बाईनं हे छापून सांगितलं. उतारवयात त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. एकुलती मुलगी मनोरमा १९२१मध्ये त्यांच्या आधी गेली. तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून शास्त्राचं मराठी भाषांतर त्या करतच राहिल्या, ते संपवलं आणि एप्रिल १९२२मध्ये गेल्या. त्यांचा विश्वास कमी पडला असं आमच्यापैकी कोण म्हणणार आहे?

हा लेख लिहितोय हे कळल्यावर आई फोनवर म्हणाली, "बाबू, घरची गोष्ट लोकायले कायले सांगाची?" तिची भीती मला कळते. कोरची ओलांडली की छत्तीसगड. तिकडे बस्तरमध्ये छिंदवाडा नावाच्या गावात एका पाळकाचा मृतदेह गावात पुरू देत नव्हते म्हणून त्यांच्या मुलाला सुप्रीम कोर्टात जावं लागलं. जवळपास तीन आठवडे शव शवागारात पडून होतं. जानेवारी २०२५मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, आणि शेवटी वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्याचा आदेश झाला. अशा बातम्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात आणि त्या रविवारी उपासनेला माणसं कमी असतात. एवढ्याशा मंडळीला शेजाऱ्यांना दाखवायला काहीतरी लागतं, आणि चमत्काराइतकं चटकन दाखवता येणारं दुसरं काय आहे? आता त्यात मी आतून बोट दाखवलं तर उद्या कुणी हाच लेख फडकवून म्हणेल, बघा, हे लोक आजार बरा करायच्या आमिषानं धर्म बदलतात.

त्या 'कुणी'ला एवढंच सांगतो की माझ्या खांद्यावरून बंदूक चालवू नका. मृतदेह अडवणाऱ्यांनी आम्हाला करुणा शिकवू नये. आणि आईला सांगतो, आपण झाकून काय ठेवलंय? आपण तर ते स्वतःच चॅनलवर चढवलंय.

पुण्यातला माझा रूममेट दुसऱ्या टोकाचा. म्हणतो, सोडून दे ना चर्च, त्रास संपला. त्याला मी त्या अकरा दिवसांचं सांगतो. दवाखान्यात आईला एक रात्रही एकटं राहावं लागलं नाही. मंडळीतल्या बायका पाळी लावून यायच्या. एक जण वडशावरून डब्यात भात-वरण घेऊन यायची आणि परतीची बस चुकली की तिथेच व्हरांड्यात झोपायची. रक्त लागलं तेव्हा तिघं जण धान भरडायचं काम टाकून आले. त्यातले एक ते टीबीवाले काका, त्यांना डॉक्टरांनी परत पाठवलं तर बाहेर बसून रडले. दोघांचं रक्त घेतलं. माझ्या बहिणीच्या अंगात आमच्या मंडळीचं रक्त शब्दशः वाहिलं. हे मी कुणा एनजीओत पाहिलं नाही, आमच्या कंपनीच्या सीएसआरमध्ये तर नाहीच. मी मंडळी सोडत नाही ती यासाठी.

आणि या सगळ्याची साक्ष कधीच झाली नाही. त्या दोघांना कुणी पुढे बोलावलं नाही. कारण बहीण 'बरी' झाली नव्हती, मग साक्ष कसली द्यायची?

जादूटोणाविरोधी कायदा २०१३पासून आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं त्यात स्पष्ट गुन्हा आहे. पण 'भरवसा असेल तर गोळी कशाला' असं हळूच विचारणाऱ्या माणसाला पोलीस कसे आवरतील? ते मंडळीलाच करावं लागेल. ज्या पाळकानं कुणाचंही औषध बंद करायला सांगितलं त्याला पुलपिटवर उभं राहू देऊ नये, मग तो कितीही गोड गात असो. आणि लग्नं. आमची लग्नं आमच्यातच होतात. घरं थोडी, त्यातून वाहक-वाहक गाठ पडण्याचा धोका जास्त. लग्न ठरलं की पाळक मुलामुलीला बसवून बायबलमधल्या नवराबायकोवर तासभर बोलतात. त्याच तासात 'दोघांनी तपासणी करून घ्या' हे एक वाक्य म्हणायला काय जातं? निकाल मंडळीत वाचायचा नाही, लग्न मोडायचं नाही, फक्त त्या दोघांना माहीत असावं. हे मी दोन वर्षांपूर्वी सुचवलं. उत्तर आलं, आपण रक्तावर नाही, आत्म्यावर चालतो.

रक्तावर नाही! ख्रिस्ती माणसानं हे म्हणावं म्हणजे कमाल आहे.

गेल्या नाताळात मी पाळकांना भेटून व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. ओरडलो नाही. चहा झाला. ते वाईट माणूस नाहीत, कोविडमध्ये स्वतःच्या मोटरसायकलवरून त्यांनी गावोगाव तांदूळ पोचवलाय. म्हणाले, "त्या व्हिडिओनं कितीतरी लोकांचा विश्वास वाढला, तो काढला तर त्यांचं काय होईल?" मी म्हटलं, तो बघून कितीतरी लोकांनी गोळ्या बंद केल्या असतील, त्यांचं काय झालं असेल? ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले. व्हिडिओ काढला नाही. चॅनलचा पासवर्ड मी नोकरीला लागलो तेव्हाच बदललाय.

बहिणीला मात्र तो काढायचाच नाहीये. ती अजूनही दर रविवारी जाते, शेवटच्या रांगेत भिंतीजवळ बसते, कारण खाली बसून उठताना आधार लागतो. मला म्हणाली, "दादा, डिलीट कशाले? दुसरा भाग काढ." म्हणून आम्ही काढला. घरच्या स्वयंपाकघरात, मागे गॅसची शेगडी, बाजूला धानाचं पोतं. ती सांगते की ती बरी झालेली नाही. रोज कॅप्सूल घेते, आणि कॅमेऱ्यासमोर एक घेऊनही दाखवते. प्रार्थनाही रोज करते. रक्त देणाऱ्या त्या दोघांचे आणि व्हरांड्यात झोपलेल्या बाईचे आभार मानते. कबूतर टाकलेलं नाही. मधे कुकरची शिट्टी होते, तीही ठेवली आहे.

तीन आठवड्यांपूर्वी पाळकांना पाठवला. दोन निळ्या टिका आल्या आहेत.